बळकट, पण हलकी : छोट्या विमानाच्या सळईची निवड



रेडिओ-नियंत्रित छोटे विमान आकाशात वळण घेते तेव्हा पाहणाऱ्याचे लक्ष पंखांकडे आणि मोटारीकडे जाते. परंतु जमिनीवरून दिलेला हुकूम शेपटीपर्यंत पोहोचवते ती एक बारीक सळई. विमानाच्या पोटातील सर्व्हो, म्हणजे एक चिमुकले यंत्र, आपला दांडा मागेपुढे करते आणि ती हालचाल सळईमार्फत शेपटीच्या हलत्या फळीला मिळते. या जोडणीला लिंकेज म्हणतात. तिची निवड कशी करावी, हा आजचा विषय.

प्रथमच विमान बांधणारा विद्यार्थी बहुधा बळकटीच्या मागे लागतो आणि घरात सापडलेला सायकलचा स्पोक सळई म्हणून बसवतो. स्पोक मोडत नाही, हे खरे. पण ३० सेंटिमीटर लांबीच्या स्पोकचे वजन सुमारे ७ ग्रॅम असते. शेपटीच्या दोन फळ्यांसाठी दोन स्पोक, म्हणजे १४ ग्रॅम. हे वजन विमानाच्या गुरुत्वमध्याच्या मागे सरासरी २० सेंटिमीटरवर पडले, तर तोल साधण्यासाठी पुढे १० सेंटिमीटरवर, नाकाशी, २८ ग्रॅम शिसे ठेवावे लागते. एकूण भार झाला ४२ ग्रॅम. याउलट १ मिलिमीटर जाडीच्या कार्बनच्या दोन सळया टोकांसह २ ग्रॅममध्ये बसतात आणि नाकाशी ४ ग्रॅम पुरतात. भार अवघा ६ ग्रॅम.

मूळ विमान २०० ग्रॅमचे धरले, तर एक २४२ ग्रॅमचे होते आणि दुसरे २०६ ग्रॅमचे. जड विमानाला तरंगत राहण्यासाठी सुमारे आठ टक्के अधिक वेग लागतो आणि जमिनीला टेकताना त्याच्या अंगी एक तृतीयांशाहून अधिक जादा ऊर्जा असते. कित्येक संध्याकाळी खपून जोडलेले विमान पहिल्याच उतरणीत मोडते, त्यामागे पुष्कळदा हा हिशेब असतो.

म्हणून वाटेल तितकी बारीक सळई चालेल, असेही नाही. ओढताना बारीक सळई उत्तम काम देते, ढकलताना मात्र तिला बाक येतो. सर्व्हो हलतो, फळी जागची हलत नाही आणि सूर मारलेले विमान वर उचलले जात नाही. यावरचा उपाय गणितात आहे. लांब दांडा किती दाबाला वाकतो, याचे सूत्र ऑयलर या गणितज्ञाने १७४४ मध्ये मांडले. आधारांमधील अंतर निम्मे केले, की दांडा चौपट दाब सोसतो. सळईच्या मध्यावर कागदी नळीचे एक सैलसर कडे चिकटवले, तर जवळजवळ काहीही वजन न वाढवता हा लाभ मिळतो.

दुसरा मार्ग दोऱ्याचा. फळीच्या दोन्ही बाजूंना एकेक न ताणणारा दोरा बांधावा. एक ओढला जातो तेव्हा दुसरा सैल सुटतो. दोऱ्याला ढकलायचेच नसल्याने बाक येण्याचा प्रश्न उरत नाही. राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानातही पंखांना पीळ देण्याचे काम तारा ओढूनच होत असे.

हवामानाचाही विचार हवा. बाल्साच्या लाकडी सांगाड्यात ३० सेंटिमीटरची नायलॉनची सळई असेल, तर सकाळच्या २० अंशांपासून दुपारच्या ४० अंशांपर्यंत ती सुमारे अर्धा मिलिमीटर वाढते. एवढ्यानेही सकाळी सरळ जाणारे विमान दुपारी नाक वर किंवा खाली करू लागते. कार्बनची लांबी उन्हाने जवळजवळ बदलत नाही. मात्र कार्बन कापताना उडणारी धूळ श्वासात जाऊ नये, यासाठी तोंडावर मास्क हवा. आणि कार्बनमधून वीज वाहत असल्याने रिसीव्हरची अँटेना त्याच्यापासून दूर ठेवावी.

अखेरची कसोटी घरीच होते. सर्व्हो चालू ठेवून फळी बोटाने हलकेच दाबावी. ती डुगडुगली, तर सळईच्या टोकाचे छिद्र सैल आहे किंवा सळईला बाक येतो आहे. असा ढिलेपणा वेगात फळीची फडफड घडवतो आणि तीच फळी उपटून नेऊ शकते.

पालकांना एकच विनंती. मुलाने नवे विमान दाखवले, की किंमत विचारण्याआधी प्रत्येक भागाचे वजन विचारावे, आणि तो भाग कोणते काम करतो तेही. तोल, भार, बाक, ताण, ढिलेपणा हे सारे शब्द मराठी घरात रोजचे आहेत. याच शब्दांत मूल विचार करू लागले, तर बळकट म्हणजे जड नव्हे, हे त्याला कोणी वेगळे शिकवावे लागणार नाही.