भावना आणि दुर्धर व्याधी



गाझीपूर जिल्ह्यातून उपचारासाठी काशीस आलेल्या एका वृद्धेने मला एकदा विचारले, "डॉक्टरसाहेब, मुलगा गेला तेव्हा मी रडले नाही. ते दुःख पोटातच ठेवले. त्याचीच ही गाठ झाली काय?" तिला पित्ताशयाचा कर्करोग झाला होता. माझ्या आजच्या व्याख्यानाचा विषय या एका प्रश्नात सामावलेला आहे.

भावनांचा शरीरावर परिणाम होतो, ही गोष्ट आपल्या देशात नवी नाही. भय आणि शोक यांमुळे उद्भवणाऱ्या अतिसाराचे वर्णन चरकसंहितेत आढळते. रोग वाढविणाऱ्या गोष्टींमध्ये तर तेथे विषादालाच अग्रस्थान दिलेले आहे. आधुनिक काळात हान्स सेल्ये यांनी 1936 साली ताणाच्या शारीरिक परिणामांविषयीचे आपले पहिले निष्कर्ष प्रसिद्ध केले. याच वाराणसीत, हिंदू विश्वविद्यालयाच्या चिकित्सा विज्ञान संस्थेत डॉ. के. एन. उडुपा यांनी 1970 नंतरच्या दशकात ताणजन्य विकार आणि योगाभ्यास यांच्या संबंधाचा अभ्यास केला. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या, 52 देशांत केलेल्या एका पाहणीत हृदयविकाराचा झटका आणि मानसिक ताण यांचा स्पष्ट संबंध दिसून आला. ताणाच्या वेळी अधिवृक्क ग्रंथींतील स्राव वाढतात, नाडी जलद होते, रक्तदाब चढतो. ही स्थिती दीर्घकाळ टिकली, तर हृदयावर भार पडणे स्वाभाविकच होय.

परंतु हृदयविकाराला जे लागू पडते, ते प्रत्येक व्याधीला लागू पडते असे नव्हे. शोक किंवा दाबून ठेवलेला राग यांतून कर्करोग उत्पन्न होतो काय, याचा शोध अनेक संशोधकांनी घेतला. तथापि तसा विश्वसनीय पुरावा हाती आला नाही. गंगेच्या मैदानी प्रदेशात पित्ताशयाचा कर्करोग विशेष प्रमाणात आढळतो. पित्ताशयातील खडे, दीर्घकाळ राहिलेला दाह, विषमज्वराच्या जंतूंचा चिवट संसर्ग यांचा त्याच्याशी संबंध जोडला जातो. ज्या मातेने पुत्रशोक मूकपणे सोसला, तिच्या त्या सोसण्याचा या कारणांत समावेश नाही.

हा भेद केवळ पंडितांसाठी नाही. आजार आपल्या मनाने ओढवून घेतला, असे ज्याला वाटते, त्याच्या वेदनेत अपराधाच्या भावनेची भर पडते. "आनंदी राहा, म्हणजे बरे व्हाल," असे आप्तजन प्रेमाने सांगतात. पण मग आजार वाढला की रोग्याला वाटते, आपणच कोठेतरी कमी पडलो. तो रडणे लपवतो, आणि पुढे वेदनाही लपवू लागतो.

मग व्याधीच्या काळात भावनांना काही मोल नाही काय? अवश्य आहे. भयामुळे माणूस तपासणी टाळतो. उदासीनतेमुळे औषध अर्धवट सोडतो. एकाकी माणसाला तीच वेदना अधिक असह्य वाटते. अमेरिकेत फुप्फुसाच्या प्रगत कर्करोगाच्या 151 रोग्यांवर केलेला एक अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. ज्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर आरंभापासूनच वेदनाशमन आणि मानसिक आधार यांची जोड मिळाली, त्यांच्यात नैराश्य कमी आढळले आणि ते सरासरीने अधिक काळ जगले. एका अभ्यासावरून फार मोठा निष्कर्ष काढू नये. परंतु रोग्याचे दुःख ऐकून घेणे हा उपचाराचाच भाग आहे, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येईल.

या नगरीत 1958 साली स्थापन झालेले मुक्तिभवन आहे. मरणासन्न माणसाला घेऊन कुटुंबीय तेथे येतात. तेथे रोग बरा करण्याचे आश्वासन कोणी देत नाही. भजन चालते, आप्त उशाशी बसतात. ही सोबत रोग्याने बरे होण्याच्या अटीवर दिलेली नसते. ज्यांचे उपचार अद्याप चालू आहेत, त्यांनाही अशीच सोबत मिळावयास हवी.

त्या वृद्धेला मी सांगितले, "माताजी, तुमच्या दुःखाने ही गाठ झालेली नाही. तुम्ही काहीही चुकीचे केले नाही." ती बराच वेळ रडली. नंतर, रात्री पोटात उठणाऱ्या कळांविषयी तिने प्रथमच सांगितले. त्या कळांवर आमच्याजवळ औषध होते.