जाहिरातीचं सौंदर्य कुणाच्या बाजूचं?

(वारजे येथील एका महाविद्यालयात ‘माध्यमे आणि जाहिरात’ हा विषय घेतलेल्या विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून.)



तुमच्या बाईंनी मला बोलावलं तेव्हा ‘जाहिरातींमधील स्त्रीचे चित्रण’ असा विषय सुचवला होता. मी त्यांना म्हटलं, हा विषय प्रत्येक अभ्यासक्रमात शेवटी येतो. वर्षभर रंगसंगती, प्रकाशयोजना, अक्षररचना शिकायची आणि परीक्षेच्या तोंडावर एक दिवस कुणीतरी कार्यकर्ती येऊन सांगणार, की बाईला असं दाखवू नये. सगळे माना डोलावतात आणि सोमवारपासून पुन्हा प्रकाशयोजना सुरू! मला आज त्या प्रकाशयोजनेबद्दलच बोलायचं आहे. माझं म्हणणं एवढंच आहे, की ‘ही जाहिरात सुंदर का वाटते’ आणि ‘ती कुणाच्या बाजूने बोलते’ हे दोन प्रश्न वेगवेगळ्या तासांचे नाहीत. प्रश्न एकच आहे.

जाहिरात सौंदर्य हवेतून निर्माण करत नाही. समाजात ज्याला आधीच मान आहे, तो ती उसना घेते. आपल्याकडचंच उदाहरण घेऊ. १९४१ साली लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत आल्या. या साबणासाठी झळकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय अभिनेत्री मानल्या जातात. सिनेमात काम करणाऱ्या बाईकडे तेव्हा समाज कोणत्या नजरेनं पाहत होता हे तुम्हाला ठाऊक आहे. पण लीलाबाई पदवीधर होत्या, प्रतिष्ठित मराठी घरातल्या होत्या. साबणाला हवी होती ती ही प्रतिष्ठा. नवऱ्यापासून वेगळं होऊन, मुलांना सांभाळत, स्वतःच्या हिमतीवर कमावणारी बाई मात्र त्या चित्रात नव्हती. तिची कांती तेवढी होती. चित्र सुंदर असेलही, पण निवड कुणी केली? पैसे देणाऱ्यानं.

दुसरं उदाहरण सर्फच्या ललिताजींचं. १९८०च्या दशकात निर्मासारखी स्वस्त पावडर घराघरांत पोचली होती. महाग पावडर कशी विकायची, हा कंपनीपुढचा प्रश्न. अलेक पदमसी यांच्या जाहिरात संस्थेनं उत्तर शोधलं ते हिशेबी, ठणकावून बोलणाऱ्या गृहिणीचं. जाहिरात पुन्हा मिळवून बघा. ललिताजी लाजत नाहीत, घासाघीस करतात, थेट आपल्या डोळ्यांत बघून बोलतात. पडद्यावरच्या बाईला अशी नजर क्वचितच मिळाली होती. आम्हा बायकांना ती आवडली, यात नवल नाही. पण तिची सगळी हुशारी कुठे खर्च होते? कपडे धुण्यात. धुणं कुणाचं, हा प्रश्न चौकटीत येतच नाही.

गंमत अशी, की ललिताजी झालेल्या कविता चौधरी यांनीच १९८९ मध्ये दूरदर्शनवर ‘उडान’ आणली. लेखन-दिग्दर्शन त्यांचं, आणि पोलीस अधिकारी होणाऱ्या मुलीची भूमिकाही त्यांचीच. चेहरा तोच, नजर तीच. चौकट कुणाच्या हातात आहे, यावर त्या नजरेचं काय होतं ते ठरलं. या दोन्हींची दृश्यं शेजारी शेजारी ठेवून बघा.

आमच्या वस्तीतल्या बैठकीत आम्ही एकदा धुण्याच्या पावडरीची एक जाहिरात दाखवली. मला वाटलं, चर्चा बाईच्या भूमिकेवर होईल. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या एक मावशी म्हणाल्या, “ताई, हिच्या नळाला एवढं पाणी कसं?” सगळ्या हसल्या, आणि मग तासभर पाण्यावरच बोलणं झालं. चमकणाऱ्या पांढऱ्या शर्टामागे चोवीस तास वाहणारा नळ आहे, हे तिलाच प्रथम दिसलं. सौंदर्याचं विश्लेषण म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

आता गोरेपणाच्या क्रीमकडे वळू. फेअर अँड लव्हली १९७५ साली बाजारात आली. तिच्या एका जाहिरातीत मुलगा नाही म्हणून बाप हळहळतो. मग मुलगी क्रीम लावते, उजळते, हवाईसुंदरी होते आणि घराला हातभार लावते. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेनं याविरुद्ध तक्रारी केल्या, मोहीम चालवली, आणि २००३ साली अशा जाहिराती मागे घ्याव्या लागल्या. २०१४ मध्ये जाहिरात क्षेत्राच्याच स्वनियंत्रण संस्थेनं नियम केला, की सावळ्या व्यक्तीला दुःखी, अनाकर्षक किंवा नोकरी-लग्नात मागे पडलेली दाखवू नये. २०२० मध्ये नावातलं ‘फेअर’ जाऊन ‘ग्लो’ आलं.

नाव बदललं, पण प्रकाशयोजनेचं काय? हे तुमचं काम आहे. एका मैत्रिणीचे दोन फोटो काढा. पहिल्यात प्रकाश डोक्यावरून सोडा, तिला मान खाली घालायला सांगा, मागे कुणी ठेवू नका. दुसऱ्यात प्रकाश समोरून, मऊ; मान वर, ओठांवर हसू, भोवती माणसं. क्रीम लावू नका! दोन्ही फोटो वर्गात लावा आणि विचारा, काय बदललं? कातडी तीच आहे. बदलला तो प्रकाश, बदललं ते तिचं माणसांमधलं स्थान. ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांची सगळी जादू एवढीच असते. ती हातानं करून बघितलेली मुलगी पुन्हा तशी फसत नाही.

पण एक सावधगिरी हवी. जाहिरात आणि स्त्री म्हटलं की आपण लगेच अश्लीलतेवर येतो. १९८६ साली स्त्रियांच्या असभ्य चित्रणाला मनाई करणारा कायदा झाला, तोही त्याच अंगानं. त्याच काळात मुंबईसारख्या शहरांत गर्भलिंगनिदानाच्या जाहिराती उघडपणे लागत होत्या. आज काहीशे रुपये खर्च करा, पुढचे हजारो वाचवा, असा त्यांचा मतलब. पुढचे हजारो म्हणजे मुलीचा हुंडा. त्यात उघडं अंग नव्हतं. बाईच्या चित्राचीसुद्धा गरज नव्हती. नुसता हिशेब! बाईचा जीव घेणारी जाहिरात अशी अगदी सभ्य होती. स्त्री संघटना, काही डॉक्टर आणि वैज्ञानिक यांनी नेटानं लढा दिला. १९८८ मध्ये महाराष्ट्रानं या तपासण्यांवर देशातला पहिला कायदा केला. १९९४ मध्ये केंद्राचा आला. त्याच्या २२व्या कलमानं अशी जाहिरात करणंच गुन्हा ठरवलं. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तेव्हा नुसतं चित्र तपासून भागत नाही, हिशेबही वाचायला शिका.

शेवटचा मुद्दा जागेचा. वारज्यावरून जाणारा मुंबई-बंगळुरू महामार्ग तुम्ही रोज बघता. याच महामार्गालगत किवळ्यात १७ एप्रिल २०२३ रोजी वादळी वाऱ्यात एक होर्डिंग कोसळलं. खाली सापडून पाच माणसं गेली, त्यांत चार बायका होत्या. जाहिरात कशी दिसते हे आपण खाली उभं राहून, मान वर करून बघतो. ती कशावर उभी आहे, परवानगी कुणी दिली, तिच्या सावलीत कोण उभं असतं, हे प्रश्न सौंदर्यशास्त्राच्या पुस्तकात नसतील, तर तुम्ही ते वहीत लिहा.

म्हणून एक विनंती करते. वर्षअखेरीला तुम्ही जी जाहिरात तयार कराल, ती परीक्षकांच्या आधी वस्तीतल्या दहा बायकांना दाखवा. त्यांना ‘आवडली का’ असं विचारू नका. ‘यात काय दिसलं, काय दिसलं नाही’ असं विचारा. त्या जे सांगतील ते जाहिरातीसोबत जोडा. त्यालाही गुण द्यावेत, असं मी तुमच्या बाईंना इथेच, तुमच्यासमोर सांगते. बायकांना जमवायची जबाबदारी माझी. तारीख तुम्ही ठरवा. फक्त पाणी यायच्या वेळेची नको.