मृत्तिका आणि मान

पुण्याच्या कुंभार वेशीचें नांव आपणां सर्वांच्या परिचयाचें आहे. परंतु मूर्ति घडवितो तो शिल्पकार आणि मडकें घडवितो तो कुंभार, असा भेद आपण सुशिक्षित मंडळी सहज करीत आलों आहोंत. हा भेद कितपत खरा आहे, हें पाहण्यास ब्रह्मदेव राम पंडित यांचें चरित्र फार उपयोगी पडेल.

पंडित मूळचे बिहारमधील नवादा जिल्ह्याचे. जन्म कुंभाराच्या घरांतला, त्यामुळें चाक त्यांस वारशानेंच मिळालें. जयप्रकाश नारायण यांच्या सोखोदेवरा येथील आश्रमांत त्यांचे तरुणपणचे कांहीं दिवस गेले. पुढें बेळगांव जिल्ह्यांतील खानापूरच्या कुंभारकामाच्या संस्थेंत त्यांनीं शिक्षण घेतलें. आणि अखेर मुंबईजवळ भाईंदर येथें स्वतःची कार्यशाळा उभारली. घरचीं माणसेंहि त्याच कामांत रमलीं.

वारशाचें चाक तेंच राहिलें. बदलला तो अग्नि. गांवच्या भट्टींतलें मडकें सच्छिद्र राहतें. म्हणूनच माठांतील पाणी गार होतें. पंडितांनीं जी वाट धरली ती स्टोनवेअरची. या मातीस सुमारें १,२०० ते १,३०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. त्या आंचेंत माती दगडासारखी घट्ट होते, आणि गारगोटीची पूड, फेल्डस्पार, राख इत्यादींची झिलई वितळून तिच्या अंगाशीं एकजीव होते. तांब्याचा अंश असलेली झिलई भट्टींत हवा भरपूर असतां हिरवी उतरते. हवा कोंडली, तर तीच तांबडी होऊं शकते!

पाषाणाचा मूर्तिकार अखेरचा घाव स्वतःच्या हातानें घालतो. मृत्तिकेच्या कलावंतास तें भाग्य नाहीं. वाळतांना व भाजतांना त्याची कृति सुमारें दहाव्या हिश्श्यानें आक्रसते. आंत ओल राहिली, तर वाफेनें फुटते. जें हातांतून सुटणार, त्याचा अंदाज त्यानें आधींच बांधलेला असावा लागतो. अशा कामास केवळ हस्तकौशल्य म्हणणें न्यायाचें होईल काय?

कोणी म्हणेल, भांडें उपयोगाचें. त्यास शिल्प कसें म्हणावें? परंतु घटाच्या पोटाचा फुगवटा, मानेचा आटोपशीरपणा आणि आंतल्या पोकळीस दिलेला आकार यांत शिल्पाचें काय कमी आहे? पाणी धरतें म्हणून आकाराचें सौंदर्य उणें होत नाहीं.

२०१३ सालीं भारत सरकारनें पंडितांस पद्मश्री दिली. कुंभाराच्या चाकावर वाढलेल्या मनुष्यास कलावंत म्हणून मिळालेला हा मान मोलाचा खरा. पण एकाचा गौरव झाला म्हणजे साऱ्या कुंभारवाड्याचें देणें फिटलें, असें नव्हे. कारखान्यांतल्या कपबशीची छापील किंमत आपण मुकाट्यानें देतों आणि दिवाळींत पणत्या घेतांना मात्र दोन पैशांसाठीं घासाघीस करतों. मृत्तिकेची कला प्रदर्शनांतल्या काचेमागें गेल्यावरच आपणांस दिसावी, ही कांहीं भूषणाची गोष्ट नाहीं.

यापुढें मातीचें पात्र हातीं आलें, तर तें जरा उलटून बुडाकडेहि पाहावें. बऱ्याचदा तेथें झिलई नसते. उघडी माती असते, आणि क्वचित् करणाऱ्याची खूण असते. ती असेल तर अवश्य वाचावी. नसेल तर विकणाऱ्यास करणाऱ्याचें नांव विचारावें. मान देण्याचा आरंभ नांव विचारण्यापासूनच होतो.