घरांचा भाव तळाला लागला, हे ओळखायचे कसे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या आटपाडीतली पुष्कळ घरे अर्धी इथे आणि अर्धी परमुलखात. कोणाचे यजमान गलाईच्या धंद्यापायी परप्रांतात, कोणाचा मुलगा पुण्यात, कोणाचे दीर मुंबईत. त्यामुळे इथे बसून आपण पुण्यामुंबईच्या फ्लॅटचे भाव बोलत असतो. तिकडे बाजार बसला की फोन येतो, "आता घेऊन टाकू का? याहून खाली काही जात नाही." आणि मग बोलणे येते ते आपल्या पाटल्यांवर, नाहीतर डाळिंबाच्या पट्टीच्या पैशांवर. चिटणीसबाईंनी हा विषय सुचवला तेव्हा मी लगेच होकार दिला. पाटल्या ज्यांच्या मोडायच्या त्यांना हा हिशेब कळलाच पाहिजे.

आपल्या शेळ्यामेंढ्यांच्या बाजारात भाव पडला की दुपारपर्यंत साऱ्या गावाला कळते. मेंढरे परत हाकत न्यायची, पुन्हा आठवडाभर चारायची, त्यापेक्षा मालक आलेल्या भावाला देऊन मोकळा होतो. घराचे तसे नाही. घर चारा खात नाही. घरवाला म्हणतो, "शेजारच्याने 60 लाखांना विकले, मी 50 ला का देऊ?" आणि कुलूप लावून बसतो. म्हणून घरांच्या मंदीत आधी व्यवहार थांबतात आणि भाव मागून, कुरकुरत उतरतो. बिल्डरही छापील दर सहसा खाली आणत नाही. तो मोटारीची जागा फुकट देतो, मुद्रांक शुल्क आपण भरतो म्हणतो, स्वयंपाकघरात कपाटे करून देतो. ही भावातली उतरणच, फक्त पदराखाली झाकलेली.

आता मुंबईचीच गोष्ट पाहा. 1991 नंतर परदेशी कंपन्या आल्या, पैसा खेळू लागला, आणि 1995 च्या सुमारास नरीमन पॉइंटच्या कचेऱ्यांची भाडी जगातल्या सर्वांत महाग जागांच्या पंक्तीला जाऊन बसली. राहती घरेही तशीच चढली. मग उतरण लागली. 1997-98 साली "पुष्कळ उतरले" म्हणून ज्यांनी घाईने घर घेतले, त्यांना पुढे चार-पाच वर्षे भाव आणखी खाली, नाहीतर तिथल्या तिथे पाहावा लागला. खरी चढण 2003-04 नंतरची.

मग तो तळ आणला कशाने? माझ्या मते, भाव पडले हे निम्मेच कारण. 90 च्या दशकाच्या मध्यात गृहकर्जाचे व्याज 15-16 टक्क्यांच्या घरात होते. ते 2003-04 पर्यंत 8 टक्क्यांच्या आसपास आले. 10 लाखांचे कर्ज 15 वर्षांत फेडायचे तर 16 टक्क्यांनी महिन्याचा हप्ता सुमारे 14,700 रुपये पडतो, आणि 8 टक्क्यांनी सुमारे 9,550. शिवाय गृहकर्जाच्या व्याजावर आयकरात मिळणारी वजावट 1999 च्या अर्थसंकल्पात 30 हजारांवरून 75 हजारांवर गेली आणि 2001 पर्यंत दीड लाख झाली. त्या आठ वर्षांत पगारही वाढलेच होते. म्हणजे हप्ता जेव्हा साध्या नोकरदाराच्या पगारात बसू लागला, तेव्हा भाव थांबला. किती टक्के पडले, हा प्रश्न म्हणून मला दुय्यम वाटतो. जपानात 1991 च्या सुमारास जमिनीचे भाव कोसळू लागले आणि पुढे दहा वर्षांहून अधिक काळ उतरतच राहिले. पुष्कळ पडले म्हणजे पडून झाले, असे मुळीच नाही.

पहिली खूण व्यवहारांच्या संख्येत दिसते, पण तीही पारखून घ्यावी लागते. अमेरिकेत 2006 पासून घरे पडू लागली. 2009-10 साली सरकारने पहिले घर घेणाऱ्याला करात 8,000 डॉलरपर्यंत सूट दिली. खरेदी वाढली, भाव सावरला, आणि सूट संपल्यावर पुन्हा घसरला. तिथला खरा तळ आला 2012 च्या आरंभी. आपल्याकडे 2020 च्या सप्टेंबरात मुंबईतले मुद्रांक शुल्क 5 टक्क्यांवरून 2 टक्क्यांवर आणले आणि नोंदणी कचेऱ्यांत रांगा लागल्या. त्या एका डिसेंबरात मुंबईत 19 हजारांवर दस्त झाले. ही गर्दी सवलतीची की गरजेची? ते सवलत गेल्यावरच कळायचे. मार्च 2021 ला सवलत संपली. तरीही 2019 साली जिथे 68 हजारांच्या आसपास दस्त झाले होते, तिथे 2021 सालात लाखावर झाले. व्याजही तेव्हा 7 टक्क्यांच्या आसपास होते. भाव मात्र लगेच उसळले नाहीत, ते सावकाश मागून आले.

त्याआधीची सहा-सात वर्षे मुंबईचे भाव जवळजवळ जागच्या जागी होते. लोक म्हणत, "घराचा भाव कुठे पडतो?" पण महागाई वर्षाला 5 टक्के धरा, सात वर्षांनी त्याच 100 रुपयांचे मोल 71 वर येते. किराणा चढला, फी चढली आणि घर तिथेच, म्हणजे घर उतरलेच की! ही उतरण कोणाला दिसत नाही, म्हणून तिच्याबद्दल कोणी रडतही नाही.

आता एक घरगुती हिशेब. 60 लाखांच्या फ्लॅटला महिना 15 हजार भाडे येत असेल तर वर्षाचे 1 लाख 80 हजार, म्हणजे शेकडा 3. कर्जाचे व्याज साडेआठ असेल, तर भाड्यासाठी म्हणून ते घर घेणाऱ्याने पाटल्यांना हात लावू नये, हे माझे स्पष्ट मत. पुढे भाव चढेल या एकाच आशेवर तो व्यवहार उभा असतो. मुलगा पुण्यात दहा वर्षे राहणार आहे, हप्ता पगाराच्या तिसऱ्या हिश्श्यात बसतो आणि वर्षभराचा हप्ता शिलकीत आहे, तर त्याने तळ शोधत बसू नये. तळ बाजार चढू लागल्यावर मागे वळून दिसतो.

दलालाच्या तोंडचा भाव मात्र खरा धरू नका. त्याच इमारतीतले घर गेल्या सहा महिन्यांत कितीला गेले, ते नोंदणी खात्याच्या 'इंडेक्स टू'मध्ये सापडते. मुलाला सांगून संगणकावर काढून घ्या. नवी इमारत असेल तर किती घरांचे बुकिंग झाले, ते 2017 पासून बिल्डरला महारेराकडे दर तीन महिन्यांनी कळवावे लागते, आणि ते कोणालाही पाहता येते. निम्मी घरे पडून असतील तर घासाघीस करायला संकोच नको.

आणि 1 एप्रिल 2021 पासून राहते घर बाईच्या नावे घेतले तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सूट मिळू लागली. 60 लाखांवर ते 60 हजार होतात. असे घर 15 वर्षे पुरुषाला विकायचे नाही, ही अट होती, ती 2023 साली निघाली. नवराबायको दोघांच्या नावे दस्त केला तर मात्र ही सूट मिळत नाही. तेव्हा यजमानांशी ते बोलणे आधीच करून ठेवावे.