बाळाचे कौतुक डोळसपणे करू या
(संस्थेच्या बालक-पालक मेळाव्यात केलेले भाषण)



मघाशी समोरच्या सतरंजीवर एक बाळ पालथे पडले आणि भोवती बसलेल्या भगिनींनी टाळ्या वाजवल्या. माझ्या भाषणाला तेवढ्या टाळ्या मिळणार नाहीत, हे मी जाणून आहे.

हा आनंद आपल्या समाजाला फार महाग होता. परमपूज्य बाबासाहेब आणि माता रमाई यांनी चार अपत्ये लहानपणीच गमावली. त्यांतला राजरत्न १९२६ साली गेला. आपल्या आज्यांना मुले किती, असे विचारले की त्या दोन आकडे सांगत: झालेली किती आणि जगलेली किती. म्हणून बाळ हसले, बसले, चालले की आपण पेढे वाटतो, त्याला मी नावे ठेवणार नाही. कौतुक मनमुराद करा. मुलीचेही तेवढेच करा. पण ते डोळसपणे करा, एवढेच माझे सांगणे आहे.

साधारण दीड-दोन महिन्यांत बाळ आपल्याकडे पाहून हसते. ३-४ महिन्यांत मान धरते. ६ महिन्यांच्या सुमारास पालथे पडते, ८-९ महिन्यांत आधाराशिवाय बसते, पुढे रांगते आणि वर्ष-सव्वा वर्षात पाऊल टाकते. वर्षाच्या आसपास पहिला शब्द येतो. २ वर्षांचे झाले की ते दोन शब्द जोडू लागते. प्रत्येक मूल आपापल्या गतीने वाढते, तेव्हा शेजारच्या बाळाशी तुलना करून जीव टांगणीला लावू नये. मात्र दीड वर्ष उलटूनही मूल चालत नसेल, आवाजाकडे वळत नसेल, तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.

माझ्याच घरची गोष्ट सांगतो. माझी धाकटी मुलगी वेळेवर बसली, वेळेवर चालली. मी ते फुशारकीने सर्वांना सांगत असे. तिची आई मात्र म्हणे, "अहो, मागून हाक मारली तर ही वळतच नाही." मी म्हणायचो, "खेळात गुंग असेल. आमच्या घरात मुले उशिराच बोलतात." असे करता करता ती ३ वर्षांची झाली. तपासणीत कळले की तिला जन्मापासूनच फार कमी ऐकू येत होते. श्रवणयंत्र लावले. आज ती बोलते, शिकते. पण इतर मुलांना सहज मिळालेले शब्द तिला फार कष्टाने मिळवावे लागले. हा दोष पहिल्या काही महिन्यांतच तपासणीने कळू शकतो. तिच्या आईला दिसत होते, मी पाहिले नाही.

केवळ परंपरेने चालत आले म्हणून काही मानू नका, स्वतः पडताळून पाहा, असे तथागतांनी कालाम लोकांना सांगितले. "आमच्या घरात उशिराच बोलतात" हीसुद्धा परंपराच होती. विहारात मी कालाम सुत्तावर बोलत होतो आणि घरी त्याचा विसर पडला होता.

बंधू-भगिनींनो, आज सोय आहे. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतून अंगणवाडी वस्तीपर्यंत आली. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते, त्यात वाढीतला विलंबही पाहतात. अंगणवाडी सेविकेला, आशाताईंना विचारा. बाळाला नेताना बापानेही सोबत जावे.

विद्यार्थी मित्रांनो, घरात लहान भावंड असेल तर एक वही करा. कधी हसले, कधी बसले, हाकेला कधी वळले, तारीख घालून लिहा. आणि त्याची आई काही सांगत असेल, तर घरातल्या सर्वांनी ते ऐकावे.