एसी थांबेचना!

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त क्लब हॉलमध्ये झालेल्या ‘घरातली दुरुस्ती’ या कार्यक्रमातील भाषण)



सेक्रेटरींनी मला सांगितलं, “काका, तुम्ही एसीवर बोला, तुम्हाला त्यातलं कळतं.” हे अर्धंच खरं आहे. मी तेहतीस वर्षं कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात होतो. तापमान मोजणारे सेन्सर तपासणं हेच माझं काम. आणि माझ्याच घरातला सेन्सर बिघडला तेव्हा तो मला आठ दिवस सापडला नाही. म्हणून ही गोष्ट सांगायला मी जरा लाजतच उभा राहिलो आहे.

आपण इथे राहायला आलो तेव्हा अख्ख्या इमारतीत दोन एसी होते, दोन्ही खिडकीतले. आता मागच्या बाजूला जाऊन बघा, भिंत दिसत नाही इतकी आउटडोअर युनिटं लटकली आहेत. त्यामुळे हा विषय आता घराघरातला आहे.

मागच्या एप्रिलमध्ये मुलगी बाळंतपणाला घरी आली. ती यायच्या आधी मी बेडरूमच्या एसीची सर्व्हिसिंग करून घेतली. दीड टनाचा साधा स्प्लिट, इन्व्हर्टर नाही. नेहमीचा मेकॅनिक आला. मी शेजारी उभा राहून त्याला सूचना देत होतो. “अरे, पंपाचा जोर वाढव, बाळ येणार आहे, कणभर धूळ राहता कामा नये.” तो म्हणाला, “काका, एवढं पाणी नको.” मी म्हटलं, “तू मार रे.” हे वाक्य लक्षात ठेवा.

बाळ बारा दिवसांचं असताना रात्री अडीचला हिने मला हलवून उठवलं. बाळाचे पाय गार पडले होते. एसी सत्तावीसवर लावलेला, आणि भिंतीवरचं थर्मामीटर वीस दाखवत होतं. एसी बंद केला, बाळाला गुंडाळून आईच्या अंगाशी दिलं. सकाळी डॉक्टरांनी तपासलं, बाळ ठणठणीत होतं. पण ती रात्र आम्ही तिघांनी बसून काढली. नंतरचे दिवस पंख्यावर. बाहेर काय उकाडा होता ते तुम्हाला आठवत असेल. बाळाच्या मानेवर घामोळं उठलं. म्हणजे एसी लावला तर गारठा, बंद ठेवला तर घामोळं.

मेकॅनिकने येऊन पाहिलं. कॉम्प्रेसर थांबतच नव्हता. कुठला एरर कोडही दिसत नव्हता. तो म्हणाला, “पीसीबी गेला, काका.” साडेसहा हजार देऊन नवा बोर्ड बसवला. त्या रात्री पुन्हा तेच! दुसऱ्या दिवशी तो गेटवर दिसला तेव्हा वॉचमनसमोर आणि दूध घ्यायला आलेल्या चार लोकांसमोर मी त्याला बोललो. चोर म्हणालो नाही, पण म्हटल्यासारखंच होतं. पोरगा मान खाली घालून निघून गेला.

त्या दुपारी मी स्वतः मीटर घेऊन बसलो. आता जरा तांत्रिक सांगतो, पण सोपं करून.

घरातल्या युनिटमध्ये साधारणपणे दोन सेन्सर असतात. एक खोलीच्या हवेचा. जाळीमागे, कॉइलच्या पुढे प्लास्टिकच्या चापात अडकवलेला, दोन बारीक वायरींच्या टोकाला काळा मणी. दुसरा कॉइलचा. तो तांब्याच्या टोपीतला, पाइपला चिकटलेल्या नळीत खोचलेला असतो. कॉइलवर बर्फ जमायला लागला तर तो बोर्डाला सावध करतो. दोन्ही एकाच जातीचे, थर्मिस्टर. गरम झालं की त्यांचा रोध कमी होतो, गार झालं की वाढतो. माझ्या मॉडेलमध्ये दोन्ही पंचवीस अंशाला दहा हजार ओहमचे आहेत. सगळ्या एसींत असं नसतं, काहींत दोघांची किंमत वेगवेगळी असते. म्हणून आधी मॉडेल नंबरावरून खात्री करायची.

आणि एरर कोड का आला नाही, तेही इथेच कळतं. सेन्सरची वायर तुटली किंवा पूर्ण शॉर्ट झाली, तरच बोर्डाला ते अशक्य वाटतं आणि तो दिवा मिचकावतो. सेन्सर पटेल असं खोटं बोलत असेल, तर बोर्ड बिचारा विश्वास ठेवतो. खोली वीस अंशावर आली तरी माझ्या बोर्डाला वाटत होतं, चाळीस अंश आहे. तो कशाला कॉम्प्रेसर थांबवेल? बोर्ड बदलून उपयोग नव्हता, कारण नव्या बोर्डाला आम्ही तोच सेन्सर जोडला होता.

तपासायचं कसं? आधी एमसीबी पाडायचा. रिमोटने बंद केलेला एसी म्हणजे बंद एसी नव्हे, आत वीज असतेच. बाहेरच्या युनिटला तर हातच लावायचा नाही, तिथल्या कपॅसिटरमध्ये मेन बंद केल्यावरही चार्ज राहू शकतो. ते काम मेकॅनिकचं. घरातला एसी दोन-तीन तास बंद राहिला की दोन्ही सेन्सर खोलीच्याच तापमानाला येतात. मग बोर्डावरचा कनेक्टर सोडवायचा. वायर ओढायची नाही, प्लास्टिकचा भाग धरायचा. मीटर वीस हजार ओहमच्या रेंजवर.

त्या दुपारी खोलीत तीस अंश होते. या तापमानाला रोध आठ हजारांच्या आसपास यायला हवा. कॉइलचा सेन्सर बरोबर आठ हजार दाखवत होता. हवेचा? चार हजार. मी कनेक्टर कापडाने कोरडा केला, पुन्हा मोजलं. चार हजारच. मणी मुठीत धरला, आकडा थोडा उतरला, म्हणजे अगदी मेलेला नव्हता. मग प्लास्टिकच्या पिशवीत घालून बर्फाच्या पाण्यात बुडवला, मीटर चाळीस हजारांच्या पुढच्या रेंजवर घेतलं. शून्य अंशाला बत्तीस-तेहतीस हजार यायला हवेत. हा पठ्ठ्या सात हजारांच्या आतच घुटमळत राहिला. चष्मा लावून पाहिलं तर मण्याच्या बुडाशी, वायर आत जाते तिथे, केसासारखी भेग आणि हिरवट डाग. आत ओल शिरली होती.

पाणी कुठून आलं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

सेन्सर अडीचशे रुपयांना मिळाला. मॉडेल नंबर, ओहम आणि कनेक्टर, तिन्ही जुळवून आणला. जुन्या चापातच बसवला. कॉइलला टेकू दिला नाही, कारण मणी कॉइलला टेकला की उलटा घोळ होतो, खोली तापलेली असताना बोर्डाला गारठा वाटतो आणि कॉम्प्रेसर लवकर बंद पडतो. त्या रात्री सत्तावीसला कॉम्प्रेसर थांबला. तो ‘खट्’ आवाज ऐकायला मी जागा होतो.

सकाळी मेकॅनिकला फोन केला. दोनदा त्याने उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला, तेव्हा म्हटलं, “चूक माझी होती. पाण्याचा जोर मीच वाढवायला लावला.” तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, “काका, मलापण सेन्सर सुचायला पाहिजे होता. बोर्ड परत घेतो.” जुना बोर्ड चांगलाच होता, तो पुन्हा बसवला. त्याने साडेसहातले पाच हजार परत केले, मी दीड हजार त्याच्याकडे राहू दिले. वॉचमनसमोर बोललो होतो, म्हणून वॉचमनसमोरच त्याच्या हातात चहा दिला. दूध घ्यायला आलेले ते चार जण मात्र तिथे नव्हते. त्यांच्यापैकी दोघे आज समोर बसले आहेत, म्हणून हे माइकवरून सांगतोय.

आणखी एक. काही एसींच्या रिमोटमध्येच सेन्सर असतो आणि ते बटण दाबलं की एसी रिमोटजवळचं तापमान धरतो. सी विंगमधले एक काका रिमोट फ्रिजवर, मागच्या गरम बाजूला ठेवायचे आणि एसी थांबत नाही म्हणायचे. नाव सांगत नाही, ते हसतायत.

नव्या एसीवाल्यांसाठी एवढंच की १ जानेवारी २०२० पासून बनलेले स्टार लेबलवाले एसी सुरू होताना २४ वर येतात. तो बिघाड नव्हे, सरकारी नियम आहे. गेल्या वर्षी दोघांनी मला त्यासाठी वर बोलावलं होतं.

सर्व्हिसिंगच्या वेळी मेकॅनिकला सांगा, मणी चापातून काढून बाजूला ठेव आणि कंट्रोल बॉक्सवर प्लास्टिक बांध. आपला तो पोरगा आता न सांगता करतो. माझं मीटर घरी आहे, कुणालाही मिळेल. फक्त मागच्या वेळी नेणाऱ्याने त्यातली बॅटरी काढून घड्याळात घातली होती, ती परत आणून द्यावी.