परमुलखी गेलेल्यांची चरित्रे

ज्या जालना जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळी सरली की अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतील कितीतरी कुटुंबे भांडीकुंडी आणि लेकरेबाळे घेऊन ऊसतोडीला निघून जातात, त्या जिल्ह्यात परमुलखी गेलेल्या माणसाचे चरित्र कसे सांगावे हा प्रश्न केवळ साहित्यशास्त्राचा राहत नाही. अलीकडे अशी चरित्रे लिखित मजकुराबरोबर छायाचित्रे, नकाशे, मूळ पत्रे आणि ध्वनिमुद्रणे यांची एकत्र गुंफण करून सांगण्याची रीत पडू लागली आहे, आणि तिला बहुमाध्यमी लेखन असे नाव आहे. या रीतीविषयी माझे प्रतिपादन असे, की यातील प्रत्येक माध्यम हा त्या आयुष्याचा एकेक साक्षीदार असून, प्रत्येकाची जबानी स्वतंत्रपणे घेतल्यावाचून चरित्रनायकास न्याय मिळत नाही.

याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण आपल्याच भाषेत आहे. डॉ. आनंदीबाई जोशी एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून निघून जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या, ११ मार्च १८८६ रोजी पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांनी मिळविली, आणि स्वदेशी परतल्यावर अल्पावधीतच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्याआधीच पुण्यास त्यांचे देहावसान झाले. इतक्या अल्प आयुष्याची साधने मात्र विपुल आणि नाना प्रकारची आहेत.

प्रथम छायाचित्र घेऊ. १० ऑक्टोबर १८८५ रोजी महाविद्यालयात काढलेल्या प्रसिद्ध चित्रात आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली या तिघी विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या वेषात दिसतात. लुगडे नेसलेल्या आनंदीबाईंच्या मुद्रेवरील धीरगंभीर आत्मविश्वासाची साक्ष कोणत्याही गद्याला देता येणार नाही. परंतु ज्या बिऱ्हाडाच्या धुराने आणि ज्या थंडीने त्यांची प्रकृती खंगत चालली होती, त्यांच्याविषयी ते चित्र संपूर्ण मौन पाळते. ते मौन पत्रे मोडतात. पती गोपाळराव यांना अमेरिकेहून लिहिलेल्या पत्रांत बालपणी त्यांच्या हातून सोसलेल्या माराची आठवण या तरुण स्त्रीने ज्या स्पष्टपणाने करून दिली आहे, ती वाचल्यावर ‘पत्नीला शिकविणारा पती’ या एकाच सूत्रात ते आयुष्य बसविणे अशक्य होते. म्हणून पहिला धडा असा, की पानावर जे लिहिले आहे तेच पुन्हा दाखविणारे चित्र व्यर्थ होय. जेथे चित्र आणि मजकूर परस्परांस पूरक ठरतात, किंबहुना परस्परांची उलटतपासणी घेतात, तेथेच दोहोंचे सार्थक होते.

दुसरा धडा कथन करणाऱ्याच्या स्थानाविषयीचा. कॅरोलाइन डॉल यांनी १८८८ मध्ये अमेरिकन वाचकांसाठी इंग्रजीत आनंदीबाईंचे चरित्र लिहिले, आणि लगोलग १८८९ मध्ये काशीबाई कानिटकर यांनी मराठीत लिहिले, जे स्त्रीने लिहिलेले मराठीतील पहिले चरित्र मानले जाते. एकीने पाहुणी म्हणून आलेली आनंदीबाई पाहिली आणि दुसरीने आपल्यातून निघून गेलेली. अमेरिकेतील पोकीप्सी येथील ज्या दफनभूमीत, त्यांना तिकडे आसरा देणाऱ्या कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, आनंदीबाईंच्या अस्थी विसावल्या आहेत, तेथील शिळासुद्धा शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री अशीच त्यांची ओळख देते. म्हणजे दगडही तो उभारणाऱ्यांच्या दृष्टीनेच बोलतो. या साऱ्या साक्षींचे एकच गुळगुळीत कथानक करण्यापेक्षा त्यांतील तफावत वाचकासमोर उघडी ठेवणे हे चरित्रकाराचे कर्तव्य आहे. श्री. ज. जोशी यांची १९६८ची कादंबरी आणि २०१९चा चित्रपट यांनी आनंदीबाईंना घरोघरी पोहोचविले, हे ऋण मोठे आहे. तथापि बहुमाध्यमी चरित्रात दस्तऐवज कोठे संपतो आणि कल्पना कोठे सुरू होते, ती सीमा वाचकाला दिसलीच पाहिजे.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळतो. आनंदीबाईंना लिहिता येत होते, त्यांची पत्रे जपणारी माणसे दोन खंडांत होती, म्हणून त्यांची साक्ष टिकली. आपल्या गावातून ऊसतोडीच्या फडावर जाणाऱ्या बाईची नोंद कोठे आहे? मुकादमाच्या वहीत नवराबायकोचा मिळून एक कोयता, म्हणजे एकच मजूर-एकक, धरला जातो, उचल म्हणजे आगाऊ रक्कम बहुधा पुरुषाच्या हाती पडते, आणि पहाटेच्या अंधारात ऊस तोडून, मोळ्या बांधून, त्या डोक्यावरून गाडीपर्यंत वाहणारी ती बाई त्या हिशेबात अर्धी होऊन नाहीशी होते. तिचे पत्र नाही, छायाचित्र असलेच तर दुसऱ्या कोणी आपल्या प्रयोजनासाठी काढलेले. तिच्या बाबतीत आवाज, हात, फडावरच्या कोपीचा म्हणजे झोपडीचा आराखडा, सालोसाल बदलणाऱ्या कारखान्यांचा नकाशा आणि मुलांच्या मध्येच तुटलेल्या शाळेची हजेरी यांखेरीज चरित्राला दुसरे साधनच उरत नाही.

हे काम होण्यासारखे आहे, याचा पुरावा महाराष्ट्रात आहे. हेमा राईरकर आणि फ्रान्समधून येऊन पुण्यात स्थायिक झालेले गी पॉइट्वाँ यांनी गावोगावच्या स्त्रियांच्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह सिद्ध केला; त्यातील हजारो ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या, आणि पुढे गायिकेच्या आवाजाबरोबर तिचे नाव, तिचे गाव, तिचे छायाचित्र आणि तिची हकीकत एकत्र प्रसिद्ध होऊ लागली. ओवी कागदावर उतरली की तिचा अर्थ टिकतो, पण सूर आणि श्वास हरपतात. गाणारीचे नाव गाळले की ती लोकगीताच्या अनाम राशीत मिसळून जाते. तिसरा धडा येथे आहे: आवाज जतन करावा, आणि तो कोणाचा, हेही त्याच्याबरोबर जतन करावे, अर्थात नाव प्रकट करावे किंवा झाकावे, हा निर्णय त्या व्यक्तीचाच असला पाहिजे.

म्हणून माझी विनंती या सभागृहातील शिक्षकांना, ग्रंथपालांना आणि विशेषतः विद्यार्थ्यांना आहे. फडावरून माणसे या दिवसांत गावी परतली आहेत. त्यांच्याकडे जा, परवानगी घेऊन त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करा, त्यांचे मार्ग नकाशावर त्यांच्याकडूनच काढून घ्या, जे लिहाल ते त्यांना वाचून दाखवा, आणि नको म्हणतील ते निःसंकोचपणे खोडून टाका. एक प्रत त्यांच्या घरी आणि एक गावच्या शाळेत राहू द्या. दिवाळीनंतर ही कुटुंबे पुन्हा निघून जातील. तत्पूर्वी निदान एका कुटुंबाची कैफियत त्याच्याच शब्दांत आणि त्याच्याच आवाजात दप्तरी दाखल व्हावी, एवढेच मागणे आहे.